नवरा नार्सिसिस्ट आहे का, आणि असला तर गोळी आहे का?

प्रश्न: लग्नाला दहा-अकरा वर्षं झालीत. नवरा बाहेर सगळ्यांचा लाडका, सोसायटीचा सेक्रेटरी, पण घरी कौतुक जरा कमी पडलं की दोन-दोन दिवस अबोला. मला प्रमोशन मिळालं तर म्हणे, तुमच्याकडे कोणालाही देतात वाटतं. चूक कधीच त्याची नसते. रील्समध्ये नार्सिसिस्टची लक्षणं बघितली, सगळी जुळतात. डॉक्टरकडे यायचं म्हटलं की मलाच वेडी ठरवतो. चहातून देता येईल असं काही औषध असतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, आधी चहाचं बोलू. असं औषधच नाहीये. नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे स्वतःलाच फार मोठं समजण्याचा स्वभावातला विकार, त्यावर खास गोळी निघालेली नाही, सोबत डिप्रेशन वगैरे असेल तर डॉक्टर त्याचं औषध देतात. आणि न सांगता कुणाला गोळ्या चारणं हे कुठल्याही आजारात धोक्याचंच, त्यात एकदा पकडलं गेलं की तो पुन्हा तुमच्या हातचं पाणीसुद्धा संशयाने पिणार.

आता रील्स. अमेरिकन सायकियाट्रिस्ट लोकांच्या डीएसएम या मॅन्युअलमध्ये हे निदान १९८० मध्ये आलं. त्यात नऊ लक्षणं दिलीयत, मी म्हणजे कोणीतरी स्पेशल, सतत वाहवा पाहिजे, दुसऱ्याचा वापर करून घेणं, दुसऱ्याला काय वाटतं ते न कळणं, हेवा, तोरा अशी, आणि त्यातली कमीत कमी पाच लागतात. पण नुसती पाच मोजून होत नाही, हे सगळं तरुणपणापासून, घरी-ऑफिसात-मित्रांत सगळीकडे दिसावं लागतं आणि त्यामुळे आयुष्यात अडचण यावी लागते. रील हे शेवटचं सांगतच नाही, म्हणून तर प्रत्येकाला आपला बॉस नाहीतर सासू त्यात दिसते! जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात तर नार्सिसिस्टिक असं वेगळं नावच ठेवलेलं नाही, त्रास किती तीव्र आहे ते बघतात.

आणखी एक, हा माणूस पूर्वी असा नव्हता आणि अलीकडेच अचानक मोठमोठ्या बाता, झोप कमी, वाट्टेल तसा खर्च असं सुरू झालं असेल तर ते बायपोलरमधलं, म्हणजे मूड टोकाला जाण्याच्या आजारातलं, मेनियाही असू शकतं, आणि त्यावर औषधं आहेत, तेव्हा मात्र वेळ घालवू नका. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही.

मग त्याला हा आजार आहे का? पत्रावरून मी सांगणार नाही, कोणी सांगूही नये. वरचा रुबाब आणि आत टीकेला भयंकर हळवा, हे कॉम्बिनेशन यात पुष्कळदा असतं, म्हणूनच "तू नार्सिसिस्ट आहेस" असं भांडणात तोंडावर फेकलं की माणूस डॉक्टरपासून आणखी लांब पळतो. असे लोक येतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने, नोकरी गेली, दारू वाढली, झोप लागत नाही म्हणून. तीच वाट धरा, "तुझी चिडचिड वाढलीय, झोपेचं विचारून येऊ" एवढंच म्हणा. मग सायकोथेरपी, ती लांबलचक चालते, मधेच सोडणारेही बरेच.

पण तुम्ही त्याच्या निदानासाठी थांबून का राहिलाय हे मला कळत नाही. अबोला, अपमान यांचा त्रास तुम्हाला होतोय ना, मग काउन्सेलरकडे एकट्या जा, त्याच्या परवानगीची गरज नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्री आहे, मराठीतही बोलतात. अबोल्याला मनधरणी करत बसू नका, जेवण वाढा आणि आपल्या कामाला लागा. पगाराचं अकाउंट स्वतःच्या हातात ठेवा. शिवीगाळ, धमक्या, पैसे अडवणं सुरू झालं तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीइतकंच तेही येतं, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, तिथे निदानाचा कागद कोणी मागत नाही.