जुन्या मैदानात व्हीलचेअरवरच्या मुलीलाही खेळता यावं आणि कुणाला इजा होऊ नये, यासाठी सुरुवात कुठून करावी?

तुमच्या मैदानात चार झोपाळे, एक घसरगुंडी आणि चढायची लोखंडी जाळी आहे. सगळ्याखाली वाळू आहे आणि आता थोडा निधी हाताशी आला आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलीसाठी त्यातून खास झोपाळा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. झोपाळा जरूर घ्या, पण शेवटी. पहिला खर्च जमिनीवर करा. फाटकापासून झोपाळ्यापर्यंत ती मुलगी वाळूतून पोचणारच नाही, आणि तीच वाळू बाकीच्या मुलांनाही पडल्यावर पुरेशी वाचवत नसणार.

मैदानावरच्या गंभीर इजा बहुतेक वेळा पडण्यातून होतात. म्हणून आधी प्रत्येक खेळण्यावर मूल किती उंचीवर उभं राहू शकतं किंवा चढू शकतं ते टेपने मोजा. अमेरिकी मार्गदर्शक आकड्यांप्रमाणे २३ सेंटिमीटर वाळू साधारण १.२ मीटरवरून पडणाऱ्या मुलालाच वाचवते. तेवढीच बारीक गोल खडी १.५ मीटरपर्यंत चालते आणि लाकडाच्या चिप्स ३ मीटरपर्यंत. झोपाळ्याची पडण्याची उंची बैठकीपासून मोजत नाहीत, वरच्या आडव्या दांड्यापासून मोजतात, कारण झोक्याच्या टोकाला मूल तिथवर जाऊ शकतं. म्हणजे २.४ मीटर उंच झोपाळ्याखाली २३ सेंटिमीटर वाळू अपुरी आहे. शिवाय २३ सेंटिमीटर ही दबलेली जाडी आहे. मोकळा भराव (वाळू, खडी, चिप्स) किमान चौथाईने दबतो, म्हणून टाकताना ३० सेंटिमीटर टाकावा लागतो. काँक्रीट, डांबर, पेव्हर ब्लॉक, घट्ट माती यांना तर धरूच नका. हिरवळही धरू नका. झोपाळ्याखाली ती महिन्याभरात घासून जाते आणि खाली टणक जमीन उरते.

भरावाखाली पाणी साचलं तर वाळू घट्ट होते आणि लाकूड कुजतं. तळाशी ८ ते १५ सेंटिमीटर खडी, तिच्यावर पाणी जाऊ देणारं जिओटेक्स्टाइल कापड आणि मग भराव, असे थर लावा. कापड गाळलं तर भराव खडीत मिसळून जातो. झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी मुलांच्या पायांनी खड्डा पडतो, आणि मूल नेमकं तिथेच पडतं. त्या दोन जागी भरावाखाली रबरी मॅट घाला, म्हणजे खड्डा पडला तरी तळ उघडा पडणार नाही. खेळण्याच्या खांबावर भरावाच्या पातळीची रंगीत रेघ मारून ठेवा. रेघेखाली भराव गेला की दाताळ्याने ओढून परत आणायचा, कमी पडला तर नवा टाकायचा. ही रेघ एवढी साधी आहे की ती मारायची राहूनच जाते, आणि मग भराव कधी संपला ते कुणाला कळत नाही.

आता व्हीलचेअरचं पाहू. वाळू आणि गोल खडी बाद, त्यात पुढची छोटी चाकं रुततात. साध्या चिप्सही बाद. उरतात तीन पर्याय: खेळाच्या मैदानांसाठीच बनवलेला लाकडाचा तंतुमय भराव (दाबून बसवलेला), रबरी टाइल्स आणि जागेवर ओतलेला सलग रबर. तंतुमय भराव स्वस्त पडतो, पण तो सतत सारखा करावा लागतो. टाइल्सच्या कडा उन्हापावसाने वर वळतात आणि फटी पडतात. ओतलेला रबर चालवायला सगळ्यात चांगला, मात्र खालचा पाया नीट दाबलेला नसेल तर तो खचतो, सांध्यात उकलतो, आणि वर्षं गेली की कडक होत जातो. वरून नवा दिसणारा रबर आतून दगड झालेला असू शकतो. डोक्याला बसणारा धक्का मोजण्याच्या चाचणीत एचआयसी हा आकडा १००० च्या आत असावा लागतो. ही चाचणी बसवल्यावर करून घ्या आणि काही वर्षांनी पुन्हा करा. हा आकडा डोक्यापुरता आहे, उत्तम थरावरही हात मोडू शकतो, हे पालकांना आधीच सांगून ठेवा.

निधी थोडा असेल तर सगळं मैदान रबराचं करायचा हट्ट धरू नका. फाटकापासून प्रत्येक प्रकारच्या किमान एका खेळण्यापर्यंत १.५ मीटर रुंदीची सलग वाट रबराची करा, उंच चढायच्या जाळीखाली खोल भराव ठेवा. वाटेचा चढ १६ मीटरला १ मीटरपेक्षा जास्त नको आणि आडवा उतार ४८ ला १ पेक्षा जास्त नको, नाहीतर खुर्ची एका बाजूला ओढली जाते आणि मुलाचा एक हात थकतो. वळण्यासाठी १.५ मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. वाट आणि भराव जिथे मिळतात तिथे सगळं काम फसतं. भराव दबतो आणि तीन-चार सेंटिमीटरची पायरी तयार होते. १३ मिलिमीटरच्या वरची पातळीतली उडीही चालत नाही. तपासायची सोपी रीत: स्वतः व्हीलचेअरमध्ये बसा आणि कुणाची मदत न घेता फाटकापासून झोपाळ्यापर्यंत जा. जिथे थांबाल तिथे खडूची खूण करा.

उंच मंचावर जायला रॅम्प करणार असाल तर आधी हिशोब करा. १२ ला १ चढ आणि एका टप्प्यात ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त उंची नाही, असा नियम धरला तर १.२ मीटरच्या मंचासाठी १४.४ मीटर लांब रॅम्प आणि मध्ये सपाट थांबे लागतात. बऱ्याच मैदानांत एवढी जागाच नसते. दुसरा मार्ग म्हणजे सरकून चढायचा ओटा: जमिनीपासून २८ ते ४६ सेंटिमीटर उंच, किमान ६१ रुंद, ३६ खोल, पुढे प्रत्येकी २० सेंटिमीटरपर्यंतच्या पायऱ्या आणि धरायला दांडे. मूल खुर्ची खाली सोडतं आणि हातांवर वर जातं. पण मग ते घसरगुंडीवरून खाली येतं तेव्हा खुर्ची मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असते. म्हणून घसरगुंडीचं तोंड आणि ओटा जवळजवळ ठेवा. आराखडे काढणारे ही गोष्ट हमखास विसरतात. आणि ओट्यावरून चढणं ही खरोखर मेहनत आहे, सगळ्याच मुलांना ती जमणार नाही. त्यामुळे खरी गंमत जमिनीवरही असायला हवी: जमिनीच्या पातळीला बसवलेली फिरती चक्री, वाजवायच्या नळ्या, वाळूचं टेबल. टेबलाखाली गुडघ्यांसाठी ६१ सेंटिमीटर उंच, ४३ खोल आणि ७६ रुंद मोकळी जागा सोडा, टेबलाची कड ७९ सेंटिमीटरच्या वर नको.

झोपाळा घेताना दोन प्रकारांत गल्लत करू नका. उंच पाठीची, पट्टे असलेली बैठक बाकीच्या झोपाळ्यांच्या ओळीतच, शेजारच्या खणात (दोन खांबांमधल्या जागेत) लावा, म्हणजे ती मुलगी मैत्रिणींच्या बरोबरीने झोका घेईल. अख्खी खुर्ची चढवायचा मंच-झोपाळा मात्र फार जड असतो, त्याचा धक्का पायी चालणाऱ्या लहान मुलाला जबर बसतो. तो घेतलात तर वेगळ्या कुंपणाच्या आतच ठेवावा लागतो, आणि मग ती मुलगी पुन्हा एकटी पडते. शक्य असेल तर मी पहिला प्रकार घेईन. झोपाळ्यांचे बाकी नियम थोडक्यात: एका खणात दोनच, दोहोंमध्ये ६० सेंटिमीटर आणि खांबापासून ७५ सेंटिमीटर अंतर, पुढे-मागे दांड्याच्या उंचीच्या दुप्पट मोकळी जागा. २.४ मीटरच्या झोपाळ्याला म्हणजे पुढे ४.८ आणि मागे ४.८. बाकीच्या खेळण्यांभोवती १.८ मीटर.

तुमच्या जुन्या जाळीकडे सगळ्यात बारकाईने पाहा. धोकादायक फट ८९ ते २३० मिलिमीटरची. कारण असं की मूल पाय आधी घालून सरकतं, धड त्यातून निघतं, पण डोकं निघत नाही, आणि पाय जमिनीला पोचत नसतील तर सगळा भार गळ्यावर येतो. लाकडाचे दोन नमुने कापून घ्या: एक ८९ बाय १५७ मिलिमीटरचा ठोकळा, दुसरी २३० मिलिमीटर व्यासाची गोल फळी. ठोकळा आत गेला तर फळीही सहज गेली पाहिजे. ठोकळा जातो आणि फळी अडते, अशी प्रत्येक फट बंद करा. कठड्याच्या गजांमधलं अंतर ८९ च्या आत आणा. वरच्या बाजूला उघडणारे ५५ अंशांहून अरुंद कोनही मान अडकवतात, ते पत्रा वेल्ड करून भरा. घसरगुंडीच्या माथ्यावर बोल्टाचं टोक किंवा फट असेल तर जॅकेटची नाडी अडकून गळफास बसू शकतो. बोल्टाचे दोनपेक्षा जास्त आटे नटाबाहेर नकोत, आणि टोकाला गोल टोपीचा नट हवा. चढताना सायकलचं हेल्मेट काढायला सांगा, तेही फटीत अडकतं. एका टोकाला मोकळा लोंबणारा दोर कुणी बांधला असेल तर आजच काढा.

घसरगुंडी धातूची असेल तर तिच्यावर सावली हवी. धातू, गडद रबर, प्लॅस्टिक हे सगळं सौम्य हवेतही भाजण्याइतकं तापू शकतं. हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून ठेवता येत नसेल तर खेळणं बंद. ज्या मुलांना पायांत संवेदना कमी असते त्यांना भाजतंय हेच कळत नाही, म्हणून तुमच्या मैदानात याची जास्त काळजी घ्या. छोट्या मुलाला मांडीवर घेऊन मोठ्यांनी घसरू नये, असा फलकही लावा. मुलाचा पाय कडेला अडकतो, मोठ्याचं वजन पुढे जातं आणि नडगीचं हाड मोडतं.

गोंगाट सहन न होणाऱ्या मुलाचाही विचार करा. त्याच्यासाठी तीन बाजूंनी आडोसा असलेली बसायची जागा पुरते, मात्र ती वाजवायच्या खेळण्यांपासून दूर पण बाकीचं मैदान दिसेल अशी हवी. अचानक पळणाऱ्या मुलांसाठी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक लावा. पायऱ्यांच्या कडा ठळक वेगळ्या रंगाने रंगवा, कमी दिसणाऱ्या मुलांना त्या कळतील.

देखभालीला एक माणूस आणि एक वही नेमा. रोज किंवा आठवड्याला नजर फिरवायची: काचा, प्राण्यांची विष्ठा, भरावाची रेघ, फाटकासमोर लावलेल्या सायकली (यांनीच वाट बंद होते). एक ते तीन महिन्यांनी हाताने: साखळीची वरची कडी सुटी करून झीज पाहा, कारण ती आतल्या बाजूने झिजते आणि खालून दिसत नाही. एस-हुकाच्या (साखळी अडकवायच्या एस आकाराच्या हुकाच्या) फटीत एटीएम कार्ड शिरलं तर हूक पाना मारून बंद करा. लोखंडी खांबाच्या बुडाचा भराव उकरून गंज पाहा, लाकडी खांबात स्क्रू-ड्रायव्हर रुतला तर तो आतून कुजलाय. वर्षातून एकदा बाहेरच्या जाणकाराकडून सगळं तपासून घ्या. काही तुटलं तर दोर किंवा पट्टी बांधून बंद करू नका, मुलं ती ओलांडतातच. बैठक, शिडी, जो भाग वापरायला लागतो तो काढूनच ठेवा.

आणि ऑर्डर देण्याआधी एक दिवस द्या. सगळा आराखडा जमिनीवर चुन्याने खऱ्या मापात आखा, ओट्याच्या जागी तेवढ्याच उंचीचं खोकं ठेवा, आणि त्या मुलीला तिच्या खुर्चीसह बोलवा. फाटकातून आत, वळण, ओटा, घसरगुंडीचं तोंड, परत खुर्ची, हे सगळं तिला करून पाहू द्या. जिथे ती अडेल तिथली रेघ तिच्यासमोरच पुसा आणि नवी मारा.