पस्तिशीनंतर पोहायला शिकतोय, पण आत्मविश्वासच नाही. मोटिव्हेशन कसं टिकवायचं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मित्र म्हणतात, एकदा खोल पाण्यात ढकलून देतो, आपोआप येईल. ते वाचलं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर पुढे गेलो असतो. असल्या मित्रांबरोबर टँकवर जाऊच नका.

मी नऊ वर्षांचा होतो. मे महिना, काकांनी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि दिलं विहिरीत ढकलून. आमच्याकडे सगळे असेच शिकलेत, कुणाला डबा, कुणाला वाळका भोपळा, कुणाला पांगाऱ्याचा बिंडा. माझी गाठ सैल होती, डबा सरकून ढुंगणावर आला, म्हणजे ढुंगण वर आणि डोकं पाण्यात. काकांनी लगेच उडी मारून काढलं, खोटं कशाला बोलू, पण नाकातोंडात गेलेलं ते पाणी पुढची 28 वर्षं काही निघालं नाही. चुलतभाऊ त्याच सुट्टीत चार दिवसांत मुटके मारायला लागला, त्यामुळे घरच्या प्रत्येक लग्नात तो काकांचा पुरावा आणि मी भित्रा.

37 व्या वर्षी नगरपालिकेच्या टँकवर बॅच लावली. शेजारी पहिली-दुसरीतली पोरं. आठ दिवस साडेतीन फुटात दांडी धरून नुसते बुडबुडे सोडले, आत्मविश्वास कसला डोंबलाचा, फी भरली होती म्हणून जायचो. पण तिथेच कळलं की आपण पाण्यात श्वास कोंडून धरतो आणि तोंड वर आलं की सोडणं-घेणं दोन्ही एकदम करायला जातो, म्हणून दम लागतो. श्वास पाण्यातच सोडायचा, वर फक्त घ्यायचा. मग एक दिवस छातीभर हवा घेऊन पालथा पडलो तर अंग आपोआप वर. 25 मीटर न थांबता जायला मात्र दोन महिने लागले.

मोटिव्हेशनचं म्हणाल तर काकांनी तेव्हा मुरलीकांत पेटकरांचा मेसेज पाठवलेला, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, आणि तू धडधाकट असून वगैरे. माणूस थोरच, पण ते जखमी झाल्यावर उपचार म्हणून पोहायला लागले होते, कुणी ढकलल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. असल्या मेसेजनं मला उलट लाज वाटायची आणि दोन दिवस दांडी व्हायची.

हां, दम्याचा किंवा कानाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि टँकवर जमलं म्हणून एकट्यानं विहिरीत उतरू नका, तिथे पाय टेकत नाहीत.

गेल्या मे महिन्यात त्याच विहिरीत उतरलो, चुलतभाऊ सोबत होता, तीन चकरा मारल्या. काका काठावरून बघत होते. म्हणाले, "पाय वाकडे मारतोस." मी म्हटलं, गाठ कुणी बांधली होती? तर म्हणे, "तुझ्या बापानं."