टोकियोतल्या आठ-दहा खुर्च्यांच्या सुशीच्या दुकानात पहिल्यांदाच जाणार आहे. काय लक्षात ठेवू? आणि एवढे पैसे मोजल्यावर त्यांचे नियम आपण का पाळायचे?

तुमचा दुसरा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. अगदी हेच वाक्य मी आमच्या भाऊजींकडून कितीतरी वेळा ऐकलंय. 'पैसे आपण मोजतो ना, मग कसं खायचं ते आपण ठरवणार.'

नोकरीनिमित्त मी पाच वर्षं टोकियोत होते. शेवटच्या वर्षी ताई आणि भाऊजी आले, तेव्हा मी हौसेनं त्यांना माझ्या आवडत्या दुकानात घेऊन गेले. स्टेशनामागची गल्ली, दारावर एक लहानसा पडदा, आत नऊ खुर्च्या. सुशी करणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, चहापाणी आणि हिशेब त्यांच्या पत्नीकडे. मेन्यू नाहीच. ओमाकासे, म्हणजे काय वाढायचं ते त्यांच्यावर सोपवायचं.

भाऊजींनी बसल्या बसल्या फोन काउंटरवर टाकला. ते काउंटर हिनोकीच्या लाकडाचं, वर पॉलिश नाही, रोज घासूनपुसून दुधासारखं झालेलं. बाईंनी चहा ठेवता ठेवता फोन हलकेच उचलला आणि खाली घडी घातलेलं फडकं सरकवलं. भाऊजी म्हणाले, 'बघ, काय अदब आहे!' मी मान खाली घातली.

मग कोहादा आला. चंदेरी कातडीचा, ठिपक्यांचा लहान मासा. आधी मीठ लावून ठेवायचा, मग व्हिनेगरमध्ये, आणि किती वेळ ते त्या दिवशीच्या माशाचा आकार आणि चरबी बघून ठरवायचं. कोहादावरून दुकानाची पारख करतात असं तिथले जुने खवय्ये सांगतात, आणि मला ते पटतं. सुशी करणाऱ्या आजोबांनी तो भाऊजींच्या पुढ्यात ठेवला, आणि नेमका तेव्हाच भाऊजींना ऑफिसचा फोन आला. ते बाहेर गेले नाहीत, तिथेच बसून बोलत राहिले. तीन-चार मिनिटं गेली असतील. आजोबांनी काही न बोलता तो तुकडा उचलला, बाजूला ठेवला, आणि फोन संपल्यावर नवीन करून दिला.

भाऊजी खूश. 'न मागता बदलून दिलं! याला म्हणतात सर्व्हिस.' मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन आठवड्यांनी मी एकटीच गेले आणि माफी मागितली. आजोबा एवढंच म्हणाले, 'भात थंड झाला होता.'

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते हेच आहे. सुशीतला भात अंगाइतका कोमट असतो आणि मुठीत इतका अलगद दाबलेला असतो की बोटांत टिकतो पण तोंडात सुटतो. ठेवून दिला की तो बसतो, वरचा मासा सुकतो. वर सोया सॉसचा हात त्यांनीच ब्रशनं फिरवलेला असतो, वासाबी, म्हणजे तिथला झणझणीत हिरवा ठेचा, तोही आत असतो. म्हणून समोर आलं की लगेच, एका घासात खायचं. हातानं खाल्लं तरी चालतं. फोटो काढायचाच तर विचारून, पटकन एक.

भाऊजींचा यावरचा हुकमी एक्का म्हणजे, 'अगं, हे मुळात गाडीवरचं खाणं, त्याचं एवढं स्तोम कशाला?' गाडीवरचं आहे हे खरंच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदोमध्ये, म्हणजे आजच्याच टोकियोत, ही निगिरी, म्हणजे दाबलेल्या भातावर मासा ठेवलेली सुशी, रूढ झाली. हानाया योहेई यांचं नाव त्यासाठी घेतात. लोक ठेल्याशी उभ्या उभ्या खायचे. पण भाऊजी, ठेल्यावरसुद्धा पुढ्यात आलेलं तिथल्या तिथे तोंडात जायचं, समोर ठेवून कोणी गप्पा मारत बसत नसे!

आणखी एक गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही, ती इथेच सांगते. भाऊजी डावखुरे आहेत. पहिले दोन तुकडे त्यांनी डाव्या हातानं उचलले. तिसऱ्यापासून आजोबा ताईला आणि मला सुशी एका बाजूला तिरकी ठेवत होते, आणि भाऊजींना बरोबर उलट, डाव्या हाताला सोयीची. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. समोरचा माणूस आपल्या हाताकडे इतकं लक्ष देऊन बघतोय, तर आपण फोन खिशात ठेवायला काय हरकत आहे? याला मी नियम म्हणतच नाही.

बाकीचं थोडक्यात. अत्तर, परफ्यूम लावून जाऊ नका, माशांचा वास मरतो. वेळेवर पोचा, कारण बहुतेक ठिकाणी सगळ्यांना एकदमच वाढायला सुरुवात होते. टिप ठेवू नका, तिथे ती पद्धत नाही. शेवटी तामागो, म्हणजे अंड्याची गोडसर वडी आली, की जेवण संपत आलं असं समजा.

आता हेही सांगायला हवं की प्रत्येक दुकान असं नसतं. काही ठिकाणी मालक स्वतः गप्पा मारतात, फोटोंनाही हसून हो म्हणतात. रात्रीचं ओमाकासे दहा-वीस हजार येनांना सहज जातं, गिन्झासारख्या महागड्या भागात तीस हजारांच्याही पुढे. परवडत नसेल तर दुपारी जा, पुष्कळ ठिकाणी स्वस्त पडतं. फिरत्या पट्ट्यावरची सुशी खाण्यातही काही कमीपणा नाही, आणि तिथे भाऊजींच्या पद्धतीनं खाल्लं तरी कोणी दुखावत नाही. शाकाहारी असाल तर मात्र अशा दुकानात जाऊच नका, तामागोमध्येही बहुतेक वेळा माशाचं पाणी असतं. एखादा मासा किंवा कोळंबी चालत नसेल तर बुकिंग करतानाच सांगा, खुर्चीत बसल्यावर नाही. दुकानदार पहाटे तोयोसूच्या मासळीबाजारातून मोजक्या माणसांपुरताच माल आणतात. जायचं रद्द झालं तर निदान दोन-तीन दिवस आधी कळवा.