आंबोलीत बेडूक आणि साप बघायला कोणत्या महिन्यात जावं?

एकदाच जाणार असाल तर जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पहिले दोन-चार दमदार पाऊस झाल्या झाल्या जा. कारण आंबोली टोड. २००९ मध्ये नव्याने नोंदवला गेलेला हा भेक पावसाच्या सुरुवातीलाच प्रजननासाठी बाहेर पडतो आणि सड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या, जांभ्या दगडात साचलेल्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढा जीव, कुशीवर पिवळे डाग. टॉर्च खाली धरूनच चाला, नाहीतर पायाखाली येईल.

जुलैत गेलात तर मलबार ग्लायडिंग फ्रॉग पाहा. पाण्यावर झुकलेल्या फांदीच्या पानांवर तो फेसाचं घरटं करतो आणि पिल्लं त्यातून थेट खालच्या पाण्यात टपकतात. मला विचाराल तर आंबोलीतलं सर्वांत देखणं दृश्य हेच. मलबार चापडा हा साप ओढ्याकाठच्या झुडपांवर पूर्ण पावसाळाभर दिसू शकतो. तो हिरवाही असतो, तपकिरीही, आणि तासन्तास हलत नाही, म्हणून स्थानिक वाटाड्या हवाच.

फक्त पावसाची तारीख कुणाच्या हातात नसते. आठवडा आधी बुकिंग करण्यापेक्षा गावातल्या माणसाला फोन करून निघा आणि शनिवार-रविवार टाळा, धबधब्यावर तोबा गर्दी असते. रात्री घाटरस्त्यावर गाडी अगदी हळू चालवा, बेडूक चाकांखाली चिरडतात. फोटोसाठी कुठलाही प्राणी हातात घेऊ नका, साप तर नाहीच: चापडा विषारी आहे.