उसळीचा आकडा वाचताना

अनेक उत्तम आशीर्वाद.

मंदी सरली, विकासदर तर कधी नव्हे इतका वर गेलाय, मग कर्ज काढून धंदा वाढवायला हरकत काय, असं तू विचारलंयस. हरकत आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या आकड्यावर तुझी सगळी भिस्त आहे, तो आधी नीट वाच.

शंभराचे ऐंशी झाले की घट वीस टक्के. ऐंशीवर वीस टक्के वाढ झाली तर होतात शहाण्णव. टक्के तेवढेच, तरी चार कमीच. यात कुणी खोटं बोललेलं नसतं, म्हणून तर फसायला होतं.

२९ ऑक्टोबर २०२० ला अमेरिकेच्या तिसऱ्या तिमाहीचा पहिला अंदाज जाहीर झाला: वाढ ३३.१ टक्के. तिथे तिमाहीतली वाढ वर्षभर त्याच वेगाने चालली तर किती होईल, अशा हिशेबाने दर सांगतात. आधीच्या तिमाहीपेक्षा प्रत्यक्ष वाढ होती ७.४ टक्के. आणि वर्षभरापूर्वीच्या त्याच तिमाहीशी ताडून पाहिलं तर अर्थव्यवस्था २.९ टक्क्यांनी लहानच होती. तिन्ही आकडे खरे. निवडणूक पाच दिवसांवर आलेली, तेव्हा सत्ताधाऱ्यांनी कोणता मिरवला असेल हे सांगायला नकोच.

दुसरं, वाढ आली कुठून ते पाहा. मंदीत व्यापारी नवा माल उचलत नाहीत, असलेला संपवतात. मग गोदामं भरायला एकदम ऑर्डरी सुटतात, कारखाने धावू लागतात. पण गोदाम एकदा भरलं की भरलं. पुढची मागणी लोकांच्या पगारातूनच यावी लागते. म्हणून मी विकासदराआधी कामाचे तास, कायम नोकऱ्यांची भरती आणि थकलेली कर्जं बघतो.

शेअर बाजाराचा दाखला तर देऊच नकोस. १९२९ च्या पडझडीनंतर डाऊ जोन्स निर्देशांक पाच महिन्यांत जवळपास निम्म्याने वाढून एप्रिल १९३० मध्ये २९४ वर गेला होता. जुलै १९३२ मध्ये तो ४१ वर होता.

आता उलट बाजू. संशयालाच चिकटून बसणारेही मागे राहतात. अमेरिकेतली २००७ ची मंदी जून २००९ मध्ये संपली, पण तसं अधिकृतपणे ठरवायला सप्टेंबर २०१० उजाडला. मधल्या काळात, ऑक्टोबर २००९ मध्ये, बेरोजगारी १० टक्क्यांवर पोचली होती. खात्री पटेपर्यंत थांबायचं म्हटलं तर इतकं थांबावं लागतं.

तेव्हा तू देशाच्या अंदाजावर विसंबू नकोस. कर्जाचा हप्ता आज होणाऱ्या विक्रीतून फिटतो का, एवढं मांडून बघ. पुढच्या वर्षी वाढेल ती विक्री त्यात धरू नकोस. फिटत असेल तर खुशाल पुढे हो. नसेल तर यंत्र विकत घेण्याऐवजी सध्या भाड्याने घे.

मांडलेला हिशेब मला पाठव. विक्रीच्या रकान्याशेजारी वसुलीचाही रकाना ठेव. उधारी किती दिवसांनी हाती येते ते मला त्यात दिसलं पाहिजे.