पेटी, पाइप आणि ‘घूं’: घरगुती सबवूफरचे प्रश्न

कारचा १० इंची सबवूफर घरी लावायचा आहे. ५० लिटरची पेटी ३२ हर्ट्झला ट्यून करायची, तर पीव्हीसी पाइप किती कापू? (मानेवाडा)

आधी ड्रायव्हरचा (म्हणजे नुसत्या स्पीकरचा) कागद बघा. क्यूटीएस (स्पीकर स्वतःची थरथर किती आवरतो त्याचा आकडा) ०.५ च्या वर असेल तर पोर्टच्या, म्हणजे पाइपच्या, फंदात पडू नका, बंद पेटीच करा. कमी असेल आणि ही पेटी त्याला मानवत असेल, तर ११० मिमीचा पाइप (आतून साधारण १०४) ४२ सेंमी लागेल. पेटी आतून २८ × ४० × ५० सेंमी, म्हणजे ५६ लिटर घ्या. त्यातले चारेक लिटर पाइप खातो, दोनेक ड्रायव्हर. पाइपच्या मागे १० सेंमी मोकळी जागा हवी. पाइप ५० सेंमीच्या दिशेने, तोंड फळीच्या जाडीत धरून बसवला तर ती जेमतेम मिळते.

पाइप दोन सेंमी जास्त कापून तात्पुरता बसवा आणि मोबाइलवरून टोन वाजवत खाली या. ज्या टोनला कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) जवळपास थांबतो आणि पाइपातून वारा जोरात येतो, तेच तुमचं ट्यूनिंग. ते ३२ ऐवजी ३० हर्ट्झला आलं तर पाइप थोडा छाटा. ट्यूनिंगच्या खालच्या स्वरांना हवेचा आधार सुटतो, कोन नुसता फडफडतो आणि कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) आपटते. म्हणून २५-२८ हर्ट्झचा सबसॉनिक फिल्टर (त्याखालचे स्वर अडवणारा) हवाच.

एमडीएफ की प्लाय? (महाल)

एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) आवाजाला वाईट नाही, पण आपल्याकडे नागपुरात एप्रिल लागला की खोलीत कूलर सुरू. त्या ओलाव्यात एमडीएफची उघडी कड फुगते, सांधा सुटतो आणि बेससोबत ‘फुस्स’ ऐकू येतं. आयएस ७१० शिक्क्याचा (पाण्याला टिकणारा) १८ मिमी प्लाय घ्या. लकडगंजात मशीनवर कापून मिळत असेल तर एका मापाच्या फळ्या एकाच सेटिंगवर कापून मागा. हातकरवतीने काटकोन बिघडतो. ४० × ५० च्या दोन फळ्याच जास्त थरथरतात, त्यांच्या मधोमध एक आडवी रीप ठोका. शेवटी ४० हर्ट्झचा टोन लावून सांध्यांवरून अगरबत्ती फिरवा. धूर जिथे थरथरेल तिथे गळती.

गाणं बंद असतानाही ‘घूं’ येतं. (धंतोली)

आरसीए वायरी (आवाज आणणाऱ्या) काढा. तरीही घूं राहिलं तर दोष अ‍ॅम्पच्या पॉवर सप्लायचा, बहुधा थकलेला फिल्टर कपॅसिटर. गेलं, तर एकेक जोडत जा. बऱ्याचदा सेट-टॉप बॉक्सची केबल लावताच परत येतं. हा ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर घ्या. भागलं नाही तर मधे ऑडिओ आयसोलेटर (आवाज जाऊ देतो, पण वायरींचा थेट जोड तोडतो) लावा. प्लगची जाड (अर्थिंगची) पिन काढायला सांगणारे भेटतील. घूं जातंही, पण पुढे चासीत (धातूच्या कवचात) करंट उतरला तर तो तुमच्या हातातून जाईल.

१२ × १२ फुटांच्या खोलीत काही स्वर घुमतात, मधोमध बसलं तर बेसच नाही. (प्रतापनगर)

१२ फुटांच्या दोन भिंतींमध्ये घुमणारी पहिली लहर ४७ हर्ट्झची. खोली चौरस, म्हणून दोन्ही बाजूंची तीच. भिंतींशी फुगते, मधे शून्य. वॉट वाढवून ते शून्य भरत नाही. खुर्ची मागच्या भिंतीपासून चारेक फुटांवर घ्या. मग सबवूफर खुर्चीवर ठेवा, बेसचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत ऐका. घरचे हसतील. बेस जिथे सारखा ऐकू येईल, तिथे पेटी.

४+४ ओमच्या दोन कॉइल कशा जोडू? (इतवारी)

सिरीजमध्ये, ८ ओम. पॅरललचा २ ओम बहुतेक घरगुती अ‍ॅम्पना झेपत नाही. एक कॉइल मोकळी मात्र सोडू नका, क्यूटीएस बदलतो आणि पेटीचं वरचं सगळं गणित चुकतं.