कोंबडीच्या पिल्लांची चोच वाकडी होते, ते आनुवंशिक असतं का?

बऱ्याचदा हो. वरची चोच एकीकडे, खालची दुसरीकडे, कात्रीसारखी. यात दोष बहुतेक खालच्या जबड्यात असतो. त्याच्या दोन बाजूंपैकी एक आखूड राहते आणि चोच तिकडे वळते. जन्मतः पिल्लू बहुधा सरळ दिसतं, काही आठवड्यांत तिरकेपणा वाढतो.

चीनमधल्या बीजिंग-यू आणि स्वित्झर्लंडच्या आपेनझेलर बार्टहून या जातींवर यासाठी जनुकीय अभ्यास झाले आहेत. एकच जनुक दोषी धरून 'चार पिल्लांत एक वाकडं' असा हिशोब मांडू नका. अनेक जनुकं मिळून हे घडत असावं, असंच दिसतं. म्हणून सरळ चोचीचे आईबापही दोष पुढे देऊ शकतात. छोट्या कळपात तोच कोंबडा त्याच्याच तलंगांवर (तरुण मुलींवर) सोडला, की हे पटकन वर येतं.

मात्र पोपटासारखी आखूड, खाली वळलेली चोच दिसली तर आधी आईचं खाद्य तपासा: मँगनीज, बायोटिन किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी पडलं की अंड्यातच असं होतं. इनक्युबेटरचं तापमान (पंखेवाल्यात ३७.५ अंश) चुकलं तरी चोच बिघडते.

ओळखायचं कसं? अंड्यावर पेन्सिलीने कोंबडीची खूण करा. एकाच जोडीची पिल्लं वाकडी निघाली तर दोष रक्तातला. सगळ्याच कोंबड्यांची निघाली तर खाद्य किंवा यंत्र बघा. दोष रक्तातला असेल तर पिल्लू आणि त्याचे आईबाप, तिघांनाही पैदाशीतून काढा.

वाकड्या चोचीच्या पिल्लाला दाणे टिपता येत नाहीत. खोल भांड्यात ओला भरडा द्या.